जनुकाची कात्री आली, आपल्याकडे कॅप्सूल पोचतेय का? (सिकलसेल आणि खान्देश)

गोमाईकाठ

नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवते. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. थंडी पडली की त्याला सकाळच्या प्रार्थनेला उभं राहवत नाही, पायरीवर बसून नडग्या दाबत राहतो. "रोजच कसे रे पाय दुखतात तुझे?" असं मी त्याला एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. तो काही बोलला नाही. दिवाळीच्या सुट्टीवरून आला तेव्हा डोळे पिवळे आणि गळ्यात काविळीची माळ. त्याआधी एका खासगी दवाखान्यात दोन वर्षं त्याला वाताची इंजेक्शनं दिली जात होती. जानेवारीत आरोग्य खात्याचं पथक शाळेत आलं, सगळ्या मुलांच्या बोटातून रक्त घेतलं, मग पुढची तपासणी झाली आणि कागद आला: एसएस. म्हणजे सिकलसेलग्रस्त. आईवडील दोघंही एएस, म्हणजे वाहक.

त्याच आठवड्यात पेपरात जनुकं दुरुस्त करून सिकलसेल बरा करण्याच्या संशोधनाची बातमी होती. मुलांनी कात्रण फळ्याशेजारी चिकटवलं आणि विचारलं, "मॅडम, आता तो बरा होईल ना?" या प्रश्नाचं खरं उत्तर देता यावं म्हणून दोन महिने वाचतेय. समजलं ते लिहिते, चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जे जनुक असतं, त्यात एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. अशा हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. (वर्गात मी विळा म्हटलं तर मुलं म्हणाली, "कोयता, मॅडम." निम्म्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात.) या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि कळा सुरू होतात. साधी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींचाच तो पिवळेपणा डोळ्यांत उतरतो. त्याची कावीळ लिव्हरची नव्हतीच, माळ काय करणार?

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला गर्भीय हिमोग्लोबिन म्हणतात. त्यात बीटा साखळी नसते, म्हणून ते असं चिकटत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते तयार होणं जवळपास बंद होतं आणि आजार डोकं वर काढतो. नव्या जनुक-उपचारात हेच बंद पडलेलं गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. आणि मला थक्क करणारी गोष्ट अशी की हायड्रॉक्सियुरिया नावाची एक जुनी कॅप्सूलही तेच काम करते, थोड्या प्रमाणात का होईना. अमेरिकेत सिकलसेलसाठी तिला १९९८ मध्येच मान्यता मिळाली.

बातमी आमच्या फळ्यापर्यंत पोचली. कॅप्सूल मात्र त्या मुलाच्या हातात मी अजून पाहिलेली नाही. तुमच्या भागात ती मिळते का? कोणाच्या घरात कोणी घेतं का?

लॅबवाला शिरपूर

ताई, धाग्याबद्दल आभार. शाळेत जी पहिली तपासणी होते ती बहुधा सोल्युबिलिटीची, म्हणजे हिमोग्लोबिन द्रावणात विरघळतं का ते बघायची. छोट्या काचेच्या नळीत द्रावण असतं, त्यात बोटातलं थेंबभर रक्त टाकून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ही नळी वाहक कोण आणि ग्रस्त कोण ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी तपासणी.

नळी फसवतेसुद्धा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असल्यामुळे आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. अंगात रक्त फारच कमी असेल तरी तेच. आणि नुकतीच रक्ताची पिशवी चढवली असेल तर कुठल्याच तपासणीवर भरवसा ठेवू नये, तीनेक महिने थांबावं.

अजून एक सांगतो, मनाला फार लागलेलं आहे. एका शिबिरात एका आईला कोणीतरी नुसतं "पॉझिटिव्ह" एवढंच सांगून पुढे सरकवलं. ती बाजूला जाऊन ओक्साबोक्शी रडायला लागली. पॉझिटिव्ह म्हणजे एचआयव्ही, असंच तिला वाटलं होतं. तेव्हापासून मी हा शब्द वापरत नाही. "पहिल्या तपासणीत शंका आली आहे, दुसरी करू, तोवर काही ठरवू नका," असं सांगतो, आणि कागदावर दुसऱ्या तपासणीची तारीख लिहूनच देतो.

साक्रीची माय

मना आंडोर नऊ वरीसना शे. त्याले बी एसएस शे. (माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यालाही एसएस आहे.)

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहिते. आम्ही कॅप्सूल घेतो, घेत होतो म्हणा. सुरू केली तेव्हा वर्षातून पाच-सहा वेळा ॲडमिट करावं लागायचं, मग वर्षभर एकदाही नाही. शेतात यायचा माझ्याबरोबर, बैलगाडीवर उड्या मारायचा. पण त्याची नखं काळी पडायला लागली. मुळापासून वर काळ्या उभ्या रेघा, आधी अंगठ्याला, मग सगळ्या बोटांना. सासूबाई म्हणाल्या विष चढतंय. मीही घाबरले. बंद केली. चार महिने झाले. मागच्या महिन्यात पुन्हा पाठीत कळा आल्या, तीन रात्री झोपला नाही.

मी चूक केली का?

डॉ. तापीतीर

साक्रीच्या ताई, तुम्ही घाबरलात यात तुमची काही चूक नाही. सुरू करतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं. या औषधाने नखं काळपट होणं हा माहीत असलेला परिणाम आहे, त्याने इजा होत नाही. विष वगैरे काही नाही. ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांच्याकडे या आठवड्यातच जा, रक्ताची तपासणी करून ते पुन्हा सुरू करतील. स्वतःहून जुन्या डोसवर सुरू करू नका.

मी जळगावला बालरोगतज्ज्ञ आहे. या कॅप्सूलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल भीतीच जास्त ऐकू येते. मूळची ती कॅन्सरच्या उपचारातली. "कॅन्सरची गोळी" हे शब्द कानावर पडले की घरातलं कोणीतरी ती फेकून देतं. १९९५ मध्ये प्रौढ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत कळांचे झटके निम्म्याच्या जवळपास कमी झाले. २०११ मध्ये ९ ते १८ महिन्यांच्या बाळांवरचा अभ्यास आला, त्यातही वेदना आणि हातापायांची सूज कमी झाली. शंका होती ती गरीब, मलेरियाच्या मुलखात हे चालेल का याची. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या सहाशेवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: कळा कमी, रक्त चढवणं कमी, मृत्यू कमी, मलेरियासुद्धा कमी. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीचा विचार करताना मला अमेरिकेतल्या अभ्यासांपेक्षा हा अभ्यास जवळचा वाटतो. आणि नागपूरला मुलांवर कमी डोसचा, म्हणजे रोज किलोमागे १० मिलिग्रॅमचा, अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये आला, आणि त्या डोसनेही चांगला गुण आला.

काळजी घ्यायची ती अशी: पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि गुण यायला काही महिने लागतात. महिनाभरात "फरक नाही" म्हणून सोडू नये.

कॅप्सूलइतकंच महत्त्वाचं पेनिसिलीन. १९८६ च्या चाचणीत लहान मुलांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलीन दिल्यावर न्यूमोकोकस या जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. या मुलांची पाणथरी (प्लीहा) लवकर निकामी होते, त्यामुळे साधा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. न्यूमोकोकसची लस चुकवू नका.

पाणथरीवरून आठवलं, हे प्रत्येक आईने शिकून घ्यावं. बाळाला उताणं झोपवा, गुडघे थोडे दुमडा. डाव्या बरगडीच्या खाली बोटं सपाट ठेवा आणि बाळाने श्वास घेतला की काही कडक बोटांना येऊन लागतं का ते बघा. रोजच्यापेक्षा ती एकदम मोठी लागली आणि बाळ पांढरंफटक, मलूल झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. रक्त पाणथरीत साठून बसतं, काही तासांत जीव जाऊ शकतो.

धुयाना आंडोर

डॉक्टर, एक प्रश्न. एवढं चांगलं औषध पंचवीस वर्षं आहे तर नवी औषधं का येत राहतात? मध्यंतरी एक गोळी बाजारातून मागे घेतली असं वाचलं.

डॉ. तापीतीर

बरोबर वाचलंत. व्हॉक्सेलोटर. २०१९ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, कारण रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, कारण नंतरच्या अभ्यासांत कळांचे झटके आणि मृत्यू जास्त दिसले. रिपोर्टवरचा आकडा सुधारणं आणि मूल सुधारणं यांत अंतर असतं. आम्हा डॉक्टरांनाही हे पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. हायड्रॉक्सियुरिया सगळ्यांना पुरत नाही, काहींना गुण येत नाही, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा धोका काहींना राहतोच. म्हणून शोध चालू आहे आणि तो चालू राहिलाच पाहिजे.

पेशीवाचक

मी मूळचा चोपड्याचा, सध्या पुण्यात प्रयोगशाळेत काम करतो. जनुक-उपचाराचं मी सांगतो. गोमाईकाठ ताईंनी गाभा अगदी बरोबर पकडलाय.

गर्भीय हिमोग्लोबिन बंद करणारा पहारेकरी म्हणजे बीसीएल११ए हे प्रथिन. त्याची ही भूमिका २००८ मध्ये नक्की झाली. काही माणसांत मोठेपणीही गर्भीय हिमोग्लोबिन जास्त राहतं आणि त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो, या निरीक्षणामागे जाता जाता ते सापडलं. पुढे क्रिस्पर हे जनुक कापायचं तंत्र आलं, ज्यासाठी शार्पेंटिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं. या कात्रीने बीसीएल११ए चं जनुक अख्खं तोडत नाहीत. तांबड्या पेशी घडवणाऱ्या वंशात ते जनुक चालू ठेवणारा जो छोटा तुकडा आहे, तेवढ्यावर घाव घालतात. पहारेकरी त्या पेशींपुरता झोपतो, गर्भीय हिमोग्लोबिन सुरू.

कॅसगेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ ला मान्यता मिळाली. ज्यांच्यावर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं अशा ३१ पैकी २९ रुग्णांना किमान सलग वर्षभर तीव्र कळांचा झटका आला नाही. ज्यांनी हा आजार जवळून पाहिलाय त्यांना या आकड्याचं मोल कळेल. व्हिक्टोरिया ग्रे या अमेरिकेतल्या बाईंना २०१९ मध्ये हा उपचार मिळाला, त्या आज जगभर त्याबद्दल बोलतात.

आता दुसरी बाजू. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, दूरच्या प्रयोगशाळेत त्यांची दुरुस्ती होते, मग बुसल्फान हे जबर औषध देऊन हाडांतला जुना मगज रिकामा करतात आणि दुरुस्त पेशी परत सोडतात. केस जातात, तोंड सोलतं, आठवडेच्या आठवडे दवाखान्यात, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. २०२३ च्या मान्यतेत वयाची अट १२ वर्षं पूर्ण. ताई, तुमचा विद्यार्थी सहावीत म्हणजे अजून त्यातही बसत नाही. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या पुढे.

म्हणून आपल्याकडच्या कामाकडे माझं जास्त लक्ष आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुक-संशोधन संस्थेने स्वतःचं क्रिस्पर तंत्र तयार केलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने ते जाहीर झालं आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे तंत्रज्ञान देण्याचा करार झाला. बिरसा मुंडांचं नाव दिलंय, कारण हा आजार सगळ्यात जास्त आदिवासी समाजात आहे. करार झाला म्हणजे औषध हातात आलं असं नव्हे, पुढे रुग्णांवरच्या चाचण्यांचा लांब रस्ता आहे. पण किंमत खाली आणायची असेल तर तो इथूनच जातो.

अक्राणी

मी धडगावचा, पावरा समाजाचा. आमच्या घरात दोन वाहक आहेत, मी त्यातला एक.

वर कोणी लिहिलं नाही ते लिहितो. आमच्याकडे कागदाची भीती आजारापेक्षा जास्त आहे. एएस लिहिलेला कागद पेटीच्या तळाशी जातो, कारण लग्न जमणार नाही असं वाटतं. मला स्वतःला कळायला कॉलेजात जावं लागलं की वाहक आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही, आणि वाहकाचं लग्न बिनवाहकाशी झालं तर एकही मूल एसएस होत नाही. दोघं वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. दर बाळंतपणात. एक आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली असा हिशेब लोक करतात, तो खोटा आहे.

आणि हा आमच्या रक्तातला दोष म्हणून कोणी बोललं की मी त्याला मलेरियाचं सांगतो. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. ज्या जंगलात मलेरियाने लेकरं जायची तिथे हे जनुक टिकलं. त्याने आमच्या आज्या-पणज्यांना जगवलं असेल.

ऊसतोडीचंही तसंच. थंडीच्या दिवसांत पहाटे तोड सुरू होते. अंगात घाम, वर गारठा, पाणी कमी. कळा येण्यासाठी याहून वेगळं काय लागतं? माझा चुलतभाऊ एसएस आहे, तो तोडीला गेला की दोन आठवड्यांत परत येतो, आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. चांगलं आहे. पण आमची माणसं गावात असतात त्या महिन्यांत पथक यायला हवं. दिवाळीनंतर आलं तर अर्ध्या घरांना कुलूप.

केळीबाग रावेर

अक्राणीभाऊ, तुमचं वाचून विचारतो. माझ्या बागेत कापणीला सातपुड्यातली माणसं येतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि ती पोरं खांद्यावर घड वाहतात. एक जण मागच्या वर्षी बांधावर आडवा झाला, छाती दुखते म्हणाला. मी उष्माघात समजून लिंबूपाणी दिलं आणि घरी पाठवला. आता वाटतं नुसतं घरी पाठवायला नको होतं. काय करायला हवं?

डॉ. तापीतीर

सिकलसेलग्रस्त माणसाला छातीत दुखून धाप लागत असेल, ताप असेल, तर थेट दवाखाना, तोही ऑक्सिजन आणि रक्त चढवायची सोय असलेला. फुप्फुसात असा अडथळा झाला तर ते फार धोक्याचं असतं. रोजचं म्हणाल तर पाणी तहान लागायच्या आधी, दर अर्ध्या तासाने. पिकाला सोडलेल्या थंड पाण्यात एकदम अंघोळ नको, अंग अचानक गार पडल्यानेही कळा सुरू होतात. आणि टोळीतल्या कोणाला हा आजार आहे का ते मुकादमाला चारचौघांत विचारू नका, एकट्याला बाजूला घेऊन विचारा.

साक्रीची माय

डॉक्टर, काल गेले होते. रक्त तपासलं, पेशी बऱ्या आहेत म्हणाले, कमी डोसवर पुन्हा सुरू केली. नखांचं त्यांना दाखवलं तर त्यांनीही तुमच्यासारखंच सांगितलं. सासूबाईंना बरोबर नेलं होतं, त्यांच्या कानावर पडावं म्हणून. येताना त्यांनीच डबी पदरात बांधून घेतली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये सवलतीने जाता येतं, प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही हा आजार आहे. मला हे तीन वर्षांनी कळलं.

गोमाईकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्या मुलाच्या आईला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले होते. दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी साठा नव्हता, दुसऱ्यांदा महिन्याच्या कॅप्सूल मिळाल्या. वजन करून डोस लिहून दिलाय, पंधरा दिवसांनी सीबीसी.

आईला वाचता येत नाही, म्हणून त्याने स्वतःच वहीत तारखांचे चौकोन आखलेत. घेतली की चौकोनात टिंब. शाळेत आता प्रत्येक तासाच्या घंटेला सगळा वर्ग पाणी पितो, नुसता तो एकटा नाही. प्रार्थनेला तो आत बसतो आणि हजेरी घेतो. त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल मी त्याची माफी मागितली, त्याच वर्गात, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं."

कात्रण अजून फळ्याशेजारी आहे. "बरा होईल का" याचं उत्तर मी असं दिलं: बरं करणारा उपचार जगात आहे, तो आपल्यापर्यंत यायचाय, आणि येईपर्यंत याला धडधाकट ठेवायचं काम आपलं.

लॅबवालेभाऊ, एक राहिलं. त्याची मोठी बहीण एएस निघाली. पण घरात चार महिन्यांची धाकटी आहे. शिबिरात तिची नळी निगेटिव्ह आली म्हणून सगळे निर्धास्त आहेत. तुम्ही वर लिहिलंय ते वाचल्यापासून मला झोप नाही.

लॅबवाला शिरपूर

ताई, त्या निगेटिव्हला धरून बसू नका. आईबाप दोघं वाहक आहेत, बाळाची एचपीएलसीच करायची. टाचेतून थोडं रक्त लागतं, त्यात चार महिन्यांच्या बाळाचंही कळतं. सहा महिने पूर्ण व्हायची वाट बघू नका, कारण एसएस निघाली तर पेनिसिलीन आत्ताच सुरू व्हायला हवं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी असतो. आईला सांगा, बाळाला पाजून आणा, टाच गरम राहील असे मोजे घाला. आणि आधी कधी रक्त चढवलं असेल तर तो कागद बरोबर आणा.

गोमाईकाठ

रक्त कधीच चढवलेलं नाही. मंगळवारी पहिल्या एसटीने निघतो.